न वाजवायचे सूर: रॉबर्ट शूमान आणि त्याचा पियानो

पियानोची स्वरलिपी साधारणपणे दोन पट्ट्यांवर लिहितात. प्रत्येक पट्टीत पाच आडव्या रेषा असतात; वरची पट्टी बहुतेक वेळा उजव्या हाताची, खालची डाव्या हाताची. रॉबर्ट शूमान या जर्मन संगीतकाराने १८३९ मध्ये 'ह्युमोरेस्क' नावाची एक मोठी रचना पूर्ण केली. तिच्यात एका जागी या दोन पट्ट्यांच्या मधोमध तिसरी पट्टी येते. वर आणि खाली दोन्ही हात धावत असतात, शूमानने तिथे 'घाईने' असं लिहूनच ठेवलं आहे. मधल्या पट्टीवर मात्र एक संथ धून आहे आणि तिच्यापाशी लिहिलंय 'आतला आवाज'. ही धून वाजवायची नाही. वादकाने ती डोळ्यांनी वाचायची, मनात धरायची आणि तिच्या अवतीभवतीचे सूर तेवढे वाजवायचे.

सुरेल लागलेला तानपुरा ज्यांनी जवळून ऐकला आहे त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. छेडले जातात पंचम आणि षड्ज, आणि कुणीही न छेडलेला गंधार कानात उभा राहतो. शूमानच्या त्या पानावरही असंच होतं. धावणाऱ्या सुरांतले काही सूर मधल्या धुनेला ओझरता स्पर्श करून जातात, आणि वादकाला ती धून ठाऊक असेल तर ऐकणाऱ्यालाही काहीतरी जाणवायला लागतं.

शूमानचं सगळं पियानो-संगीत उलगडायची किल्ली मला या तिसऱ्या पट्टीत दिसते. त्याच्याच काळातले पियानो-संगीतकार घ्या: शोपँ पहिल्याच ऐकण्यात आपलासा होतो, लिस्ट दिपवून टाकतो. शूमान ऐकायला बसलं की अनेकांची पंचाईत होते. मिनिटभराचा एक तुकडा, तो संपतो न संपतो तोच दुसराच मूड, मग तिसरा. मध्येच एखादं ओळखीचं गाणं डोकावून जातं. यात धागा कुठला, असा प्रश्न पडतो. धागा असतो, पण बराचसा सुरांच्या आत दडवलेला: कुणाचं नाव, कुठल्या गावाची अक्षरं, एखादी कवितेची ओळ, एका मुलीसाठी पाठवलेला निरोप. ते काय आहे हे एकदा कळलं की हेच तुकडे एकमेकांशी बोलायला लागतात.

शूमानचा जन्म ८ जून १८१० रोजी जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, ट्स्विकाऊ या गावी झाला. वडील ऑगस्ट हे पुस्तकविक्रेते आणि प्रकाशक. इंग्रज कवी बायरनच्या कवितांचे अनुवादही त्यांनी केले होते. पोरगा पुस्तकांच्या दुकानातच वाढला म्हणायला हरकत नाही, आणि त्याच्या संगीताचं मूळ इथे आहे. ज्यां पाउल या जर्मन कादंबरीकाराने तर त्याला झपाटून टाकलं होतं. १८२६ मध्ये, रॉबर्ट सोळा वर्षांचा असताना, वडील गेले. त्याच्या थोडं आधी बहीण एमिली हिने आत्महत्या केली होती. आईला मुलाने वकील व्हावं असं वाटत होतं, म्हणून तो १८२८ मध्ये लाइपझिगला आणि पुढच्या वर्षी हायडेलबर्गला कायद्याच्या अभ्यासासाठी गेला. अभ्यास कमी आणि पियानो जास्त, असा सगळा प्रकार. १८३० च्या ईस्टरला फ्रँकफर्टमध्ये त्याने पॅगानिनीचं व्हायोलिन ऐकलं आणि त्याच्या मनाने कायद्याशी असलेलं उरलंसुरलं नातं तोडलं. त्या जुलैत त्याने आईला लांबलचक पत्र लिहिलं: लाइपझिगचे पियानोशिक्षक फ्रीड्रिख वीक गुरुजींना विचार, ते म्हणतील तसं करू. वीकने उत्तर दिलं की मेहनत केली तर तीन वर्षांत या मुलाला मोठ्या पियानोवादकांच्या रांगेत बसवतो. ऑक्टोबरमध्ये रॉबर्ट वीकच्या घरीच राहायला आला. त्या घरात अकरा वर्षांची एक मुलगी होती, वीकची लेक क्लारा. ती तेव्हाच जाहीर मैफली गाजवत होती.

तीन वर्षांचं ते स्वप्न दोन वर्षांतच मोडलं. उजव्या हाताचं मधलं बोट त्याच्या ताब्यात राहीना. बोटांना बळ यावं म्हणून त्याने वापरलेलं एक यंत्र, अतिरेकी सराव, मज्जातंतूंचा विकार अशी वेगवेगळी कारणं सांगितली जातात, आणि अभ्यासकांत त्यावर आजही वाद आहे. त्या काळच्या एका उपचारात त्याला नुकत्याच मारलेल्या जनावराच्या शरीरात हात घालून बसायला सांगितलं होतं. गुण आला नाही. वादक होण्याचा रस्ता बंद झाला आणि हातात उरलं ते लिहिणं. पियानो मात्र सुटला नाही. त्याच्या प्रकाशित रचनांना जे क्रमांक आहेत, त्यातल्या १ पासून २३ पर्यंतच्या सगळ्या एकट्या पियानोसाठी आहेत, आणि त्या सगळ्या १८३० ते १८३९ या दहा वर्षांच्या आसपासच्या.

पहिल्याच रचनेत अक्षरांचा खेळ आहे. पाश्चात्त्य संगीतात सुरांना अक्षरांची नावं असतात, आणि जर्मन पद्धतीत त्यात दोन जास्तीच्या सोयी आहेत: आपण ज्याला कोमल नी म्हणू तो 'बी', आणि शुद्ध नी 'एच'. ('सी' म्हणजे आपला सा धरला तर.) मेटा आबेग नावाची एक पियानो वाजवणारी मुलगी होती. तिच्या आडनावाची अक्षरं ए, बी, ई, जी, जी. म्हणजे ध, कोमल नी, ग, प, प. शूमानने हे पाच सूर घेऊन एक वॉल्ट्झ (तीन मात्रांचा नाच) बांधला आणि त्यावर व्हेरिएशन्स, म्हणजे त्याच धुनेची बदलती रूपं, रचली. १८३१ मध्ये ती छापली गेली. पेटीवर हे सूर वाजवून बघा. केवळ आडनाव म्हणून नव्हे, धून म्हणूनही ते गोड आहेत.

दुसरी रचना 'पापियों', म्हणजे फुलपाखरं. ज्यां पाउलच्या कादंबरीतल्या मुखवट्यांच्या नाचावरून ती सुचली. बारा छोटे तुकडे. शेवटी रात्रभराचा नाच संपतो, मनोऱ्यातल्या घड्याळाचे सहा टोले पडतात (एकच वरचा सूर सहा वेळा) आणि मग एक गोष्ट होते जी फक्त पियानोवरच होऊ शकते. पियानोची कळ दाबून धरली की तिच्या तारांवरचा नमद्याचा तुकडा वर उचललेला राहतो आणि तारा गुंजत राहतात. कळ सोडली की तो तुकडा खाली बसतो आणि आवाज थांबतो. शूमान आधी सूर एकावर एक रचून, कळा दाबून धरून एक भरगच्च आवाज तयार करायला सांगतो, आणि मग एकेक बोट उचलायला. नवा सूर एकही वाजत नाही. सूर काढून घेत घेत शेवट होतो, पाहुणे एकेक करून घरी निघून गेल्यासारखा. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाने हे सुचवावं याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं.

याच सुमारास शूमान लेखकही झाला. १८३१ मध्ये त्याने आपल्याच वयाच्या, फारशा कुणाला माहीत नसलेल्या एका पोलिश तरुणाच्या रचनेवर लेख लिहिला. त्यातलं 'टोप्या उतरवा सभ्यहो, हा प्रतिभावंत आहे' हे वाक्य प्रसिद्ध आहे. तो तरुण म्हणजे शोपँ. लेखात हे वाक्य शूमान स्वतः म्हणत नाही, ऑयझेबियस नावाचं पात्र म्हणतं. शूमानने आपल्या स्वभावाचे दोन भाग करून त्यांना नावं दिली होती: फ्लोरेस्टान म्हणजे उसळता, भांडखोर, उतावळा, ऑयझेबियस म्हणजे लाजरा, स्वप्नाळू. १८३४ मध्ये मित्रांबरोबर त्याने लाइपझिगमध्ये संगीताचं नवं नियतकालिक काढलं आणि दहा वर्षं चालवलं. ते आजही निघतं. त्यात ही दोन पात्रं सह्या करून लेख लिहीत, वाद घालत. त्यांच्याभोवती 'डाविडचा संघ' नावाची एक मंडळी होती, अर्धी खरी आणि अर्धी कल्पनेतली. त्यांचा शत्रू म्हणजे पोकळ चमत्कृतीवर खूश होणारे, नवं काही ऐकायला तयार नसलेले लोक.

आता 'कार्नवाल'कडे येऊ (१८३४-३५). शूमान समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. त्या वेळी त्याचं लग्न वीककडेच शिकायला आलेल्या एर्नेस्टीन फॉन फ्रिकेन हिच्याशी ठरलं होतं. ती आश गावची. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. आशची जर्मन अक्षरं ए, एस, सी, एच. जर्मनमध्ये 'एस' हा उच्चार कोमल ग या सुराचंही नाव आहे, तेव्हा गावाचं नाव झालं ध, कोमल ग, सा, नी. आणि 'आस' हे कोमल ध या सुराचं नाव असल्यामुळे तेच गाव तीन सुरांतही लिहिता येतं: कोमल ध, सा, नी. गंमत अशी की शूमानच्या स्वतःच्या आडनावात सुरांची नावं होऊ शकतील अशी अक्षरंही नेमकी हीच चार आहेत. योगायोगावर जीव टाकणाऱ्या या माणसाला आणखी काय हवं होतं!

या मोजक्या सुरांतून त्याने वीसेक तुकड्यांचा मुखवट्यांचा जलसा उभा केला. पियेरो आणि आर्लेकिनो हे विदूषक येतात. ऑयझेबियस येतो: डावा हात संथ चालतो, उजव्या हाताचे सूर सातसातच्या गटांत त्यावर तरंगतात, त्यामुळे दोन्ही हात कुठेच नीट जुळत नाहीत आणि ऐकणाऱ्याच्या पायाखाली जमीन राहत नाही. लगेच फ्लोरेस्टान उसळतो. त्याच्या घाईगर्दीत मध्येच एक हळुवार ओळ येते आणि शूमान तिथे कंसात लिहितो, 'पापियों?' जुन्या रचनेतली फुलपाखरांची धून त्याला अचानक आठवली आहे, आणि प्रश्नचिन्हासकट त्याने ती पानावर ठेवून दिली. फ्लोरेस्टानचा तुकडा पुरा होतच नाही, हवेत लटकतो आणि पुढच्यात विरघळतो. शोपँ येतो, पॅगानिनी येतो. 'एस्त्रेला' म्हणजे एर्नेस्टीन. 'कियारीना' म्हणजे क्लारा, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. तिच्या तुकड्यावर लिहिलंय 'आवेगाने'. लग्न ठरलेल्या मुलीच्या गावाच्या अक्षरांनी बांधलेल्या रचनेत दुसऱ्याच मुलीसाठी असा सूर लागतो, यावरून पुढे काय होणार ते संगीताने आधीच सांगून टाकलं होतं. एर्नेस्टीनशी ठरलेलं लग्न लवकरच मोडलं.

आठव्या तुकड्यानंतर पानावर 'स्फिंक्स' या नावाखाली तीन छोटे सूरगट येतात, जुन्या पद्धतीच्या लांबलचक चौकोनी सुरांत लिहिलेले. हीच ती कोड्याची उत्तरं: शूमानची चार अक्षरं, गावाचे तीन सूर, गावाचे चार सूर. तेही वाजवायचे नसतात. बहुतेक वादक ते सोडून पुढे जातात. रशियन पियानोवादक राखमानिनोव्हने १९२९ च्या आपल्या ध्वनिमुद्रणात मात्र ते वाजवले, आणि खालच्या पट्टीतली ती काळीकुट्ट गर्जना ऐकून अंगावर काटा येतो. शेवटी डाविडच्या संघाची शत्रूंविरुद्धची मोहीम निघते. तिचं नाव 'मार्च' आहे, पण ती तीन मात्रांत आहे. दोन पायांनी कवायत करता येईल असं ते संचलन नाहीच, आणि शत्रूंचं प्रतीक म्हणून येतं एक जुनं, बोजड नाचगाणं.

१८३५ नंतर रॉबर्ट आणि क्लारा एकमेकांत गुंतले. वीकला हे कळलं तेव्हा त्याने लेकीला गावाबाहेर पाठवलं, पत्रं बंद केली. त्याची बाजूही समजून घ्यायला हवी: क्लारा युरोपभर नाव कमावत होती, तिच्यावर त्याने वर्षानुवर्षं मेहनत घेतली होती, आणि समोर होता बोट निकामी झालेला, अस्थिर मनाचा, नियतकालिकावर गुजराण करणारा तरुण. पण पुढे त्याने जे केलं ते सूडाचं होतं. क्लाराने १४ ऑगस्ट १८३७ रोजी लग्नाला होकार दिला. तिच्या अठराव्या वाढदिवशी रॉबर्टने वीककडे रीतसर मागणी घातली आणि नकार मिळाला. १८३९ मध्ये दोघांनी न्यायालयात धाव घेतली. वीकने शूमान दारुड्या असल्याचा आरोप केला. तो त्याला सिद्ध करता आला नाही. १ ऑगस्ट १८४० रोजी न्यायालयाने परवानगी दिली. १२ सप्टेंबरला लाइपझिगजवळच्या शेनेफेल्ड गावातल्या चर्चमध्ये लग्न लागलं. दुसऱ्याच दिवशी क्लारा एकवीस वर्षांची झाली.

या तीन-चार वर्षांच्या ताटातुटीत शूमानने आपलं सर्वोत्तम पियानो-संगीत लिहिलं. भेट नाही, पत्रं चोरून पाठवायची, आणि ती तर पियानोवादक! मग सांगायचं ते पियानोतून सांगायचं. 'फँटसी' (सी मेजर) ही त्यातली सर्वांत थोर रचना. बॉनमध्ये बीथोव्हनचं स्मारक उभारण्यासाठी निधी हवा होता. त्यासाठी काहीतरी लिहावं असा शूमानचा बेत होता. पण पहिला भाग त्याच्या आधीच १८३६ मध्ये क्लाराच्या विरहात जन्मला होता. पुढे क्लाराला त्याने लिहिलं की इतकं उत्कट मी आजवर काही लिहिलेलं नसेल, हा तुझ्यासाठीचा खोल विलाप आहे.

या भागाची रचना थोडी समजून घेण्यासारखी आहे. तुकडा सी मेजरमध्ये, म्हणजे 'सी' हा त्याचा आधारस्वर. सामान्यपणे संगीतकार सुरुवातीलाच आधार पक्का करतो, मग दूर जातो आणि परततो. इथे डाव्या हातात सुरांचा लोंढा सुरू होतो, वरून धून कोसळते, पण पाय टेकायला घर मिळत नाही. दहा-बारा मिनिटं शूमान त्या आधाराला हुलकावणी देतो. अगदी शेवटी सगळं शांत होतं आणि एक ओळ येते: बीथोव्हनच्या 'दूरच्या प्रेयसीस' या गीतमालेतली, 'घे ही गाणी, जी मी तुझ्यासाठी गायलो' या अर्थाची. त्या ओळीपाठोपाठच 'सी' पक्का बसतो. बीथोव्हनच्या स्मारकासाठीच्या रचनेत बीथोव्हनचं अवतरण असणं स्वाभाविक होतं. क्लाराला त्यातला निरोप वेगळा वाचता येत होता. रचनेच्या डोक्यावर फ्रीड्रिख श्लेगेल या कवीच्या चार ओळी आहेत. त्यांचा आशय असा की या रंगीबेरंगी पृथ्वीस्वप्नात सगळ्या सुरांमधून एक मंद सूर वाहतो आहे, जो गुपचूप कान देऊन ऐकेल त्याच्यासाठी. शूमानने क्लाराला पत्रात विचारलं, तो सूर म्हणजे तूच ना?

'फँटसी' अर्पण केली लिस्टला. दुसऱ्या भागाच्या शेवटी दोन्ही हातांना विरुद्ध दिशांनी एकाच वेळी लांब उड्या मारायच्या असतात. भल्याभल्यांची त्या जागी मैफलीत तारांबळ उडते, आणि मला वाटतं ती उडण्यातच त्या जागेचा जीव आहे.

१८३८ च्या वसंतात दोन अगदी भिन्न गोष्टी एकापाठोपाठ आल्या. क्लाराने एकदा त्याला लिहिलं होतं की कधीकधी तू मला लहान मुलासारखा वाटतोस. त्या वाक्यातून तिसेक छोटे तुकडे झाले; त्यातले तेरा निवडून त्याने 'किंडरझेनन' म्हणजे 'बालपणीची दृश्यं' हा संच केला. हे मुलांनी वाजवायचं संगीत नव्हे. मोठ्या माणसाने मागे वळून पाहिलेलं बालपण आहे ते. सातवा तुकडा 'ट्रॉयमेराय' (दिवास्वप्न) बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. पियानोवादक व्लादिमीर होरोविट्झ साठ वर्षांनी रशियात परतला आणि १९८६ मध्ये मॉस्कोत वाजवायला बसला, तेव्हा त्याने हाच तुकडा वाजवला आणि श्रोत्यांचे डोळे पाणावलेले चित्रफितीत दिसतात.

फक्त चोवीस मात्रागटांचा हा तुकडा. चार-चारांची सहा वाक्यं, आणि सहाही वाक्यांची सुरुवात एकाच हालचालीने होते: एक छोटी उडी, एका सुरावर विसावा, मग खालून वर चढणारी सुरांची वेल. पहिल्या वाक्यात वेल एका उंचीपर्यंत पोहोचते. दुसऱ्यात त्याहून वर, पण तिथे सूर जरा दुखरा लागतो. मधल्या दोन वाक्यांत रंग बदलतो, सावली येते. मग पहिलं वाक्य जसंच्या तसं परत येतं. आणि शेवटच्या वाक्यात वेल पुन्हा त्या उंच सुरापर्यंत जाते, पण या वेळी त्या सुराखाली ठेवलेले बाकीचे सूर इतके वेगळे आहेत की तोच सूर दुखरा न लागता उजळून निघतो, आणि शूमान तिथे थांबायला सांगतो. सगळा तुकडा त्या एका थांबण्यासाठी आहे. पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा फक्त या उंच सुराकडे लक्ष ठेवा: एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी.

दुसरी गोष्ट 'क्राइसलेरियाना', शोपँला अर्पण केलेली. ई. टी. ए. हॉफमन या लेखकाने क्राइसलर नावाचा एक विक्षिप्त, अर्धवेडा वाटणारा संगीतकार कथांतून उभा केला होता. त्याच्या नावाचे हे आठ तुकडे. इथे फ्लोरेस्टान आणि ऑयझेबियस यांची नावं कुठेच नाहीत, पण दोघं आलटून पालटून बोलत असतात. शेवटच्या तुकड्यात उजवा हात टापांसारख्या लयीत ठुमकत जातो आणि डाव्या हाताचे खर्जातले सूर भलत्याच वेळी पडतात, कधी आधी, कधी उशिरा. कान ताल धरू पाहतो आणि तो निसटत राहतो. शूमानला ठरलेल्या जागेवरून जोर हलवायची फार हौस. इतकी, की काही रचनांत स्वरलिपी न पाहता पहिली मात्रा कुठली हे सांगणं अशक्य होतं.

क्लाराला हे सगळं आवडत होतं आणि काळजीही वाटत होती. १८३९ मध्ये तिने त्याला विनवलं की एकदा तरी काहीतरी चमकदार, लोकांना समजेल असं, शीर्षकांशिवायचं लिही. मैफलींवर घर चालवायचं होतं तिला, श्रोत्यांना काय पचतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक! त्याच वर्षीच्या तीन 'रोमान्स'पैकी दुसऱ्यात धून दोन्ही हातांच्या अंगठ्यांत आहे, पियानोच्या अगदी मध्यभागी, आणि बाकीची बोटं तिच्याभोवती कुजबुजतात. क्लाराचा तो फार लाडका तुकडा. १८९६ मध्ये, अखेरच्या आजारात, तिने नातवाला तोच वाजवायला सांगितला होता.

लग्नाच्या वर्षी, १८४० मध्ये, शूमान गाण्यांकडे वळला आणि एका वर्षात सव्वाशेहून जास्त गाणी लिहिली. पुढे सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचना, मग चेंबर संगीत, म्हणजे मोजक्या वाद्यांचं. पियानो आता त्याचं एकमेव घर राहिलं नाही. १८४५ मध्ये पुरा झालेला ए मायनर पियानो कन्चर्टो (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) मात्र चुकवू नये. त्याच्या मुख्य धुनेची सुरुवात सा, नी, ध, ध. जर्मन अक्षरांत सी, एच, ए, ए. 'कियारा' या क्लाराच्याच नावाच्या इटालियन रूपातली ही अक्षरं अनेकांना इथे ऐकू येतात. तो पहिल्यांदा जाहीरपणे वाजवलाही क्लारानेच, ड्रेस्डेनमध्ये. थोरली मुलगी मारी सात वर्षांची झाली तेव्हा, १८४८ मध्ये, त्याने 'तरुणांसाठीचा अल्बम' लिहिला. यातले त्रेचाळीस तुकडे खरोखरच शिकणाऱ्या मुलांसाठी आहेत. मुंबई, पुणे किंवा गोव्यात पियानोच्या शिकवणीला जाणाऱ्या मुलांच्या हाताखालून यातला 'आनंदी शेतकरी' कधीतरी जातोच. त्यातही अक्षरं सुटलेली नाहीत: एका तुकड्याची सुरुवात होते प, ध, रे, ग या सुरांनी, म्हणजे जी, ए, डी, ई. नील्स गाडे या डॅनिश संगीतकार मित्राला तो नमस्कार आहे.

१८५० मध्ये कुटुंब ड्युसेलडॉर्फला गेलं. तिथे वाद्यवृंदाचं संचालन करायचं काम शूमानच्या स्वभावाला झेपलं नाही. सप्टेंबर १८५३ अखेर वीस वर्षांचा संगीतकार ब्राम्स त्याच्या दारी आला, आणि शूमानने पुन्हा एकदा लेख लिहून एका अनोळखी तरुणाचं नाव जगाला सांगितलं. त्या हिवाळ्यात मन ढासळलं. कानात सतत सूर घुमू लागले. १७ फेब्रुवारी १८५४ च्या रात्री उठून त्याने एक धून लिहून काढली. ती देवदूतांनी सांगितली असं त्याचं म्हणणं. खरं तर ती काही महिन्यांपूर्वी लिहिलेल्या त्याच्याच व्हायोलिन कन्चर्टोमधल्या धुनेची बहीण आहे. तिच्यावर तो व्हेरिएशन्स लिहायला बसला. २७ फेब्रुवारीला त्यांची स्वच्छ प्रत काढता काढता उठला, घरच्याच कपड्यांत बाहेर पडला आणि ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी वाचवलं. दुसऱ्या दिवशी त्याने प्रत पुरी केली. त्याच्याच मागणीवरून मार्चमध्ये त्याला बॉनजवळच्या एंडेनिख इथल्या मनोरुग्णालयात नेलं. क्लाराच्या पोटात तेव्हा आठवं मूल होतं. डॉक्टरांनी तिला भेटू दिलं नाही. भेट झाली ती थेट २७ जुलै १८५६ रोजी, आणि २९ तारखेला तो गेला. वय ४६.

त्यानंतरची चाळीस वर्षं क्लाराने मैफली करून मुलं वाढवली आणि रॉबर्टचं संगीत युरोपभर वाजवलं. त्याच्या समग्र रचनांचं संपादनही तिने ब्राम्सच्या मदतीने केलं. शेवटची व्हेरिएशन्स मात्र तिने छापू दिली नाहीत. ती आली १९३९ मध्ये. शूमानचं शेवटच्या वर्षांतलं लेखन आजारी मनाचं म्हणून फार काळ बाजूला ठेवलं गेलं, हे मला पटत नाही. १८५३ मधले 'पहाटेची गीतं' हे पाच तुकडे ऐकावेत: कमी सूर, मोकळ्या जागा, आणि प्रत्येक सूर विचारपूर्वक ठेवलेला.

ऐकायला सुरुवात करायची तर 'किंडरझेनन'पासून करा. मार्था आर्गेरिचच्या ध्वनिमुद्रणात त्याच्या जोडीला 'क्राइसलेरियाना'ही आहे. मग 'कार्नवाल', तुकड्यांची नावं समोर ठेवून. 'फँटसी'साठी स्व्यातोस्लाव रिख्टर, 'ह्युमोरेस्क'साठी राडू लुपू. 'डाविडच्या संघाचे नाच' या अठरा तुकड्यांची मूळ आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. तिच्यात तुकड्यांखाली फ. किंवा ऑ. अशी सही आहे, काहींखाली दोघांचीही. दुसऱ्या आवृत्तीत शूमानने स्वतःच त्या काढून टाकल्या. आणि एकाच रचनेवर निरनिराळे वादक पडताळून पाहायचे असतील तर जी मायनर सोनाटा घ्या. पहिल्या भागाच्या माथ्यावर शूमानने लिहिलंय, 'शक्य तितक्या वेगाने'. शेवटाकडे तो लिहितो, 'आणखी वेगाने', आणि त्यानंतर पुन्हा, 'अजून वेगाने'. सुरुवातीला कोण किती वेग राखून ठेवतो आणि कोण पहिल्याच ओळीत सगळा उधळून टाकतो, हे ऐकण्यात एक अख्खी संध्याकाळ मजेत जाते.